दिपूला सोबत

आमच्या गावात पोरीला बाहेरगावी शिकायला धाडायचं म्हणजे जोडीनं धाडायचं. एकटीचं नावच काढायचं नाही. एखादीचे मार्क चांगले असले तरी आधी सोबतीण शोधतात आणि मग कॉलेज. सोबतिणीचं लग्न ठरलं, की हिचंही शिक्षण आटोपलं. मी या रीतीवर घरात किती वेळा भांडले असेन, पण ऐकतं कोण?

आमची मात्र जोडी घरातच तयार होती. मी रोशनी आणि माझी धाकटी बहीण दिपमाला, म्हणजे दिपू, पहिलीपासून एकाच वर्गात. लोक विचारतात, "जुळ्या का गं?" जुळ्या कशाच्या! मी अठराची, ती सोळाची. झालं असं की माय कपाशी वेचायला जायची आणि दिपूला घरी बघणारं कोणी नव्हतं, म्हणून मी तिला हाताला धरून शाळेत न्यायचे. एक दिवस गुरुजींनी वजाबाकी घातली, वर्ग चिडीचूप, आणि कोपऱ्यात खडू चाटत बसलेल्या या पोरीनं उत्तर सांगितलं. शाळेचा पट कमीच होता, गुरुजींनाही पोरं हवीच होती. त्यांनी तिला घातलं माझ्याच वर्गात. पुढं ती मागे पडेल, एखादं वर्ष बसेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. बसली नाही. मीच दोनदा काठावर पास झाले.

पण एक होतं. दिपू वर्गात तोंड उघडायची नाही. सरांनी विचारलं की खाली बघायची. वहीत उत्तर बरोबर लिहिलेलं असायचं, तोंडातून मात्र शब्द नाही. मग मीच उठायचे, "सर, दिपूला येतंय, ती बुजते." कोणी तिची वेणी ओढली की त्याला धरून बदडायचं कामही माझंच. सगळं गाव म्हणायचं, पोर हुशार, पण मुकी. रोशनी आहे म्हणून निभतंय.

बारावीला मुकीनं गणितात शंभरपैकी शंभर मिळवले. पाचोऱ्याच्या क्लासचे सर पेढे घेऊन घरी आले. म्हणाले, "हिला जळगावला घाला, बीएस्सीला. गणितच घेऊ द्या. वयानं लहान आहे म्हणून घरी बसवाल तर पाप लागेल." नाना, म्हणजे आमचे वडील, पेढा हातात धरून बसून राहिले.

"एकटी पोर तठे काय करी?" ते म्हणाले. "ती तर तोंड बी उघडस नई."

घरात दोन दिवस खल चालला. शेवटी ठरलं ते असं: रोशनीनं जे विषय दिपू घेईल तेच घ्यायचे, तिच्या शेजारी बसायचं, तर दिपू जळगावला जाईल. नाहीतर दिपूनं दोन वर्षं घरी थांबायचं. अंगानं, वयानं जरा मोठी झाली की मग बघू.

आता माझं ऐका. मला वनस्पतीशास्त्र घ्यायचं होतं. आमच्या बांधावरच्या गावठी बोरीवर मी चांगल्या जातीचा डोळा भरला होता, म्हणजे कलम केलं होतं, एकटीनं, मोबाईलवर बघून. आता त्या बोरीला सुपारीएवढ्या जागी लिंबाएवढी बोरं लागतात, आणि गावातली म्हातारी माणसं मला झाड दाखवायला बोलावतात. मला तेच शिकायचं होतं. मी गणित घेणं म्हणजे म्हशीनं निंबावर चढणं! पण हे कोणाला सांगता? माय म्हणाली, "तू काय, कुठंही निभावशील." मला हे वाक्य ऐकलं की अंगाची लाही होते. निभावणाऱ्या माणसाला कोणी विचारतच नाही काय पाहिजे ते.

दिपू या सगळ्यात गप्प. मी रात्री तिला म्हटलं, "अगं बोल ना काही! तुझ्यासाठी चाललंय सगळं." तर चादर डोक्यावरून ओढून घेतली बाईसाहेबांनी. मीही मग ठरवलं, घेऊ गणित. पोरगी दोन वर्षं घरी कुजण्यापेक्षा मी तीन वर्षं मेलेली बरी. अशी मी, रागात पण करणार सगळं.

जळगावच्या कॉलेजात विषय निवडायला मुलांची ही गर्दी. नवीन पद्धत आली आहे ना, आता नुसतं बीएस्सी म्हणून चालत नाही. पहिल्या वर्षाला विज्ञानाचे तीन विषय, त्यातला एक पुढे मुख्य होणार, आणि वर दुसऱ्या शाखेतला एक ओपन इलेक्टिव्ह. पोरं एकमेकांचं बघून फॉर्मवर खुणा करत होती. नानांनी गोंधळून तीनदा टोपी काढली, तीनदा घातली.

गणिताचे हितेंद्र सर कोपऱ्यातल्या खोलीत बसून एकेकाशी बोलत होते. त्यांनी दिपूचं वय वाचलं आणि चष्मा वर केला.

"सोळा? वा! गणितच का घ्यायचंय तुला?"

दिपूनं खाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"सर, तिला आवडतं," मी म्हणाले. "ती बुजते. पण येतं सगळं."

"तुम्ही कोण?"

"मोठी बहीण. मीही तेच विषय घेणारे. तिला सोबत."

"असं?" सर माझे गणिताचे मार्क बघत म्हणाले. आता ते मार्क काही बघण्यासारखे नव्हते. "बरं, तुम्ही जरा बाहेर बसा. वडील थांबू देत."

मी काय कॉपी पुरवत होते का? असा संताप आला म्हणून सांगू! बाहेर व्हरांड्यात खिडकीखालच्या बाकावर जाऊन आदळले. म्हटलं, बसा आता भिंतीशी बोलत. पाच मिनिटांत बोलावतात की नाही बघा.

आतून सरांचा आवाज आला. "शून्य पूर्णांक, पुढं नऊ, नऊ, नऊ, असे न संपणारे नऊ. हा आकडा एकापेक्षा लहान ना?"

आता मला हाक येणार. मी अर्धी उठलेसुद्धा. आणि मग एक आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

"नाही सर. तो एकच आहे."

"असं कसं? थोडा तरी कमी असेलच की."

"मग मधला आकडा दाखवा. दोन वेगळे आकडे असले तर त्यांच्या मधे एक तरी आकडा बसतोच. इथं कोण बसतो, सांगा."

सर मुद्दाम वाकड्यात शिरत होते आणि ती त्यांना सोडत नव्हती. खडूचा आवाज आला. "नाही सर, थांबा, तुम्ही इथं चुकताय," असं म्हणाली! आणि हसली. माझी दिपू परक्या माणसासमोर खळखळून हसली. घरी, माझ्यापाशी, ती हसते तशीच. मी खिडकीतून डोकावले तर नाना फळ्याकडं नाही, तिच्याकडं बघत होते, तोंड उघडं.

ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मी तिला टाकीपाशी गाठलं.

"काय गं ए पोपट! इतकी वर्षं माझ्या घशाला कोरड पाडलीस, आणि इथं सरांना चुका दाखवतेस? मुकी म्हणे!"

ती ओंजळीतलं पाणी तसंच धरून उभी राहिली.

"चौथीतल्या बाई आठवतात?" ती म्हणाली. "मी उत्तर दिलं की तुझा कान पिरगळायच्या. धाकटी बघ, लाज वाटू दे, म्हणायच्या. एकदा तर तू घरी येऊन जेवली नाहीस. मायनं विचारलं तर म्हणालीस, पोट दुखतंय."

"बरं मग?"

"मग काय? मी हात वर करणं सोडलं."

"आणि पुढं? आठवी, दहावी, बारावी? तिथं कुठं होत्या त्या बाई?"

"तू होतीस ना शेजारी," दिपू म्हणाली. "मी आधी तुझ्याकडं बघायचे, तुला येतंय का. तुला येत नसलं की माझं तोंड उघडायचंच नाही, अक्का. आता सवयच झालीय."

माय वं! मी जिला आजवर पंखाखाली घेतलं म्हणून गावभर मिरवत होते, ती माझाच मान राखत मुकी होऊन बसली होती. मला राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या वर इतकी माया दाटून आली की तिला मारावं की मिठी मारावी कळेना. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मिठी मारली. ओंजळीतलं पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

"मी गणिताला येऊन बसले तर?" मी विचारलं.

"तर तीन वर्षं पुन्हा गप्प," ती म्हणाली. "म्हणून तर चादर ओढली मी. तुला नको येऊ म्हणावं, तर मला घरी बसवतील. ये म्हणावं, तर तुझी झाडं गेली."

मी तिचा हात धरला आणि सरळ आत गेले. विचारबिचार काही केला नाही.

"नाना," मी म्हणाले, "मी वनस्पतीशास्त्र घेणार. ही गणित घेणार. हिच्या शेजारी मी बसणार नाही. मी बसले की ही बोलत नाही, आत्ता ऐकलंत ना तुम्ही?"

नानांनी टोपी चाचपली. हितेंद्र सरांनीच हळूच म्हटलं, "ओपन इलेक्टिव्ह दोघींचा एकच ठेवता येईल. कॉलेज एकच आहे, भाऊ. फक्त वर्ग वेगळे."

"रेल्वे एकच, डबाही एकच," मी म्हणाले. "येताना-जाताना असेनच मी."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दिपूकडं बघितलं. "हाई पोर इतलं बोलस, माले ठाऊकच नई," ते सरांना म्हणाले, आणि मग तिला विचारलं, "काय वं दिपू? बसशी का एकटी?"

"बसेन, नाना," दिपू म्हणाली. माझ्याकडं न बघता.

मला वाटलं, झालं. मी विषयांच्या खुणा करायला पेन उचललं. पण नाना अजून हलले नव्हते. ते आता माझ्याकडं बघत होते, बराच वेळ, जणू मी त्यांना आजच दिसले होते.

"आन् तू, रोशनी?" ते म्हणाले. "तू बसशी का एकटी?"

मला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. पहिलीपासून ज्या ज्या बाकावर मी बसले, त्यावर माझ्या डाव्या हाताला दिपू होती. गावात माझ्या जिभेला सगळे वचकून असतात, पण त्या खोलीत, सरांसमोर, माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. डोळे भरून आले, पेन हातात तसंच राहिलं. नाना वाट बघत होते.

शेवटी दिपू उठून उभी राहिली.

"बसेल, नाना," ती म्हणाली. "ती बुजते जरा. पण बसेल."