गोरोकाच्या हँगरमधला वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय. गोरोकाच्या विमानतळावर, एका पत्र्याच्या हँगरच्या दाराशी माझी जागा. माझ्या पाटावर माणसं चढली, रताळ्यांची पोती चढली, एकदा तर बांधलेलं डुक्करही चढलं. डोंगरातल्या आखूड धावपट्ट्यांवर उतरायचं, तर चिमुकल्या विमानात किती ओझं आहे हे आधी मला विचारावं लागतं. विचारतात सगळे. ऐकतो कोण?

सेराह आली तेव्हा तिच्या खिशात वैमानिकाचा कोराकरकरीत परवाना होता. पण इथली रीत अशी, की नव्या वैमानिकाने आधी माझ्याशेजारी उभं राहून वजनं लिहायची, सामान चढवायचं आणि जागा रिकामी व्हायची वाट बघायची. सेराहने चौदा महिने वाट बघितली. रोज सकाळी ती माझा पाट पुसायची. तिच्याआधी कुणी पुसला नव्हता.

मार्चमध्ये मुख्य वैमानिक कॅप्टन ग्रॅहम कुणा दुकानदाराचा जनरेटर घेऊन आला. माझा काटा पंचाहत्तर किलोवर थांबला.

"पंचावन्न लिही," तो म्हणाला.

"पंचाहत्तर आहेत, कॅप्टन."

"तुला उडायचंय ना? मग लिही."

तिने मान खाली घालून लिहिलं. मला फार वाईट वाटलं.

जूनमध्ये एक वैमानिक नोकरी सोडून गेला. "सोमवारपासून त्याची जागा तुझी," कॅप्टन म्हणाला. त्या दिवशी माझा पाट दोनदा पुसला गेला.

शुक्रवारी तिची योकोनी मावशी आली. गावी मावशीचा भाऊ वारला होता, मयताच्या जेवणासाठी ती तांदूळ नेत होती. विमान जवळजवळ भरलेलं.

"मावशी, वीस किलो खाली ठेव गं."

"तुला विमान शिकवायला मी डुकरं विकली, अन् तू माझा तांदूळ खाली ठेवतेस? लोकांना काय दगड वाढू?"

एका बोलीचे, एका रक्ताचे ते वांटोक. त्यांना नाही म्हणणारा इथे माणसात राहत नाही. सेराहने सगळा तांदूळ विमानात चढवला. वीस किलो वहीत आलेच नाहीत.

विमान कॅप्टनच घेऊन गेला, आणि परतला तो ओरडतच. उतरल्यावर मावशीने त्याचा हात धरून आभार मानले होते: "आमची पोर लई गुणाची! वीस किलो लिवलेच न्हाईत तिनं!"

"जिला खरं वजन लिहिता येत नाही, तिच्या हातात मी विमान देत नाही," कॅप्टन म्हणाला.

"आणि तो जनरेटर?"

"तो धंदा होता."

वीस किलो तेही आणि हेही. माझ्या पाटाला त्यात काही फरक जाणवला नाही.

सोमवारी ती जागा कॅप्टनच्या मित्राच्या मुलाला मिळाली. समुद्रापलीकडच्या केर्न्सहून आला आणि थेट वैमानिकाच्या जागेवर बसला. त्याला मात्र कुणी कॅप्टनचा वांटोक म्हटलं नाही.

सेराह गावी निघाली, तीही प्रवासी म्हणून. पिशवीसकट माझ्यावर चढली. लिहायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कॅप्टनच वही घेऊन उभा राहिला.

"बासष्ट," तो पुटपुटला.

"लिहा, कॅप्टन. आहेत तेवढेच लिहा."

त्याने तिच्याकडे न बघता बासष्ट लिहिले.

पाट आता कुणी पुसत नाही. मला भंगारात टाकायचं तर खुशाल टाका. पण तोवर माझ्यावर चढाल तेव्हा वाकून आकडा वाचा, आणि मग वहीत काय लिहिलंय तेही बघा. त्या विमानात तुम्हीच बसणार आहात.