पापणीपुरती कातडी

तुळसाबाईनं तंबाखू सोडली, हे जऊळक्यात कोणाला खरं वाटेना. चाळीस वर्षांची सवय. पहिली चिमूट चहाच्या आधी, दुसरी मिरचीच्या वावरात शिरताना, आणि पुढच्या चिमटी तर मोजूच नका. अशी बाई एका सकाळी उठली आणि अख्खी डबी नालीत उपडी करून आली. मुलगा राजू म्हणाला, "आई, तब्येत बरी हाये ना तुही?" ती खेकसली, "तुले काय कराचं? भाजी बांध मुकाट्यानं!"

कारण होतं तिची सून राखी.

राखीच्या पापण्या जन्मापासूनच जड. हसत असली तरी आत्ताच रडून उठल्यासारखी दिसायची. लग्न होऊन आली तेव्हापासून बायका कुजबुजायच्या, सासू छळत असेल. तुळसाबाईला हे फार झोंबायचं. तिनं सुनेला कधी उपाशी ठेवलं नव्हतं, हात तर लावलाच नव्हता. जिभेचं मात्र विचारू नका. मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नात, भर मांडवात, एका बाईनं विचारलंच, "तुमची सून काहून रडून राह्यली व?" झालं! तुळसाबाईचं टाळकं सरकलं. "रडत नाई बाई ते. तिचं थोबाडच सुतकी हाये, त्याले आमी काय करावं?" बायका खो खो हसल्या. राखीही हसली. निदान तुळसाबाईला तेव्हा तसं वाटलं.

पुढे दोन महिन्यांनी राखी "मंजूकडे जाऊन येतो" म्हणून अकोल्याला बहिणीकडे गेली, आणि मोबाईलवर जाहिरात पाहून कुठल्याशा ब्युटी क्लिनिकात पापण्या कापून आली. पंधरा मिनिटांचं काम, असं सांगितलं होतं म्हणे. उजवी पापणी बरी जमली. डावीची कातडी मात्र त्या दिवट्यानं इतकी कापली की पापणी खाली येईचना. घरी सांगितलं, "डोळा सुजला हाये, उतरन." सासूशी बोलणं तेवढ्यापुरतंच. बाकी आठ-आठ दिवस हो-नाही सोडून शब्द नाही. झोपायची तीही तोंडावर पदर ओढून.

मग एका दुपारी मिरची तोडून राखी लिंबाखाली आडवी झाली होती. तुळसाबाई पाण्याची बाटली घेऊन गेली आणि जागच्या जागी थिजली. राखीचा डावा डोळा उघडा. टक्क उघडा, आणि बाई हलेना. "अव माय! राखे!" अशी बोंब ठोकली की शेजारच्या वावरातला गडी धावत आला. राखी दचकून उठली. झोपली होती बिचारी. उघड्या डोळ्यात धुरळा गेलेला, डोळा लालभडक, पाण्याची धार लागलेली. त्या दिवशी कुठे खरं बाहेर आलं. "म्हनलं आता तरी कोनी हासनार नाई," एवढंच राखी बोलली, आणि तुळसाबाईला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं.

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बुबुळ सुकत चाललंय, ठिपका पडायला लागलाय, पापणी मिटली नाही तर नजर जाईल. राजूनं घरी येऊन समजावलं, "कानामागची कातडी काढून पापणीवर लावा लागते."

कोणाच्या कानामागची, ते ना त्यानं सांगितलं ना हिनं विचारलं. विचारायचं कशाला? गावातल्या माणिकरावाला त्याच्या बहिणीनं किडनी दिली होती, अख्ख्या गावानं पाहिलं होतं. घरातल्याला कमी पडलं तर घरातलंच माणूस देणार. आणि जिच्या जिभेनं हे झालं तीच देणार, दुसरं कोण?

म्हणून तंबाखू सुटली. आपल्या कातडीतून तिच्या डोळ्यात आग नको जायला. डोकं दुखायचं, जीव कासावीस व्हायचा, पण बाई हटली नाही. न्हाणीत रोज कानामागे साय आणि हळद चोळायची. कानातले काप उतरवून ठेवले. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं, चहासुद्धा घेतला नाही, आणि राजू-राखीबरोबर गाडीत बसली.

दवाखान्यात राखीला हिरवा झगा घातला. डॉक्टरीणबाई खोलीत आल्या तशी तुळसाबाई स्टुलावर बसली, पदर खाली घेतला आणि मान वळवली.

"डाव्या कानामागची घ्या बाई. उजव्या बाजूनं ऊन लागलं हाये. तंबाखू सोडली म्या, पंधरा दिवस झाले. पोटात पान्याचा थेंब नाई."

डॉक्टरीणबाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "आजी, दुसऱ्याची कातडी टिकत नाही तिथे. राखीताईंचीच घेणार आहोत, त्यांच्याच कानामागची."

"माही म्हातारी हाये म्हनून नाई म्हनता का?"

"नाही हो आजी. माझी असती तरी चालली नसती."

तुळसाबाई तशीच बसून राहिली, हळदीनं पिवळा झालेला कान पुढे करून. मग तिचा बांध फुटला. "मंग म्या काय देऊ व हिले? मांडवात म्याच बोल्ली ना तसं. पोरीच्या काळजात सुरी घातली म्या. माफी मांगाले तोंड नाई, म्हनलं कातडी तरी देईन. तेबी चालत नाई म्हनते!"

राजूनं तोंड फिरवलं. राखी खाटेवरून उतरली. त्या ढगळ झग्यात अनवाणी सासूजवळ आली आणि तिच्या कानामागची हळद बोटानं हळूच पुसू लागली.

"आत्याबाई, इतके दिस काहून नाई सांगतलं?"

"तू बोलत कुठी होती माह्याशी?"

"तुमी म्हनसान, हौस नडली. त्या भेवानं नाई बोल्ली." राखीचा हात थांबला. "मले लय लागलं होतं तवा."

"लागनच ना व. दगडालेबी लागलं असतं."

"चहा घ्या आता. चक्कर येईन तुमाले." आत नेताना राखीनं तिचा हात दारापर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन झालं. कातडी धरावी म्हणून पापणी टाके घालून बंद ठेवली, वरून पट्टी. राजू मिरचीसाठी गावी परतला. सासू-सून आठवडाभर मंजूच्या घरी राहिल्या. तुळसाबाई राखीची वेणी घालायची, पट्टीला पाणी लागू न देता तोंड धुवायची, आणि तंबाखूची आठवण आली की मंजूच्या पोळ्या जाड होतात म्हणून तिच्याशी भांडायची. राखी आडवी पडून हसायची. आठव्या दिवशी टाके निघाले. पापणी सुजलेली, लालसर, जरा ठिगळासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कातडी धरली आहे, रंग सावकाश जमेल, ठिपकाही वाढलेला नाही. पण नीट मिटते की नाही ते झोपेत कळेल, लक्ष ठेवा.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बार्शीटाकळी गेलं नाही तोच राखीनं सासूच्या खांद्यावर मान टाकली. बऱ्याच वेळानं तुळसाबाईनं धीर करून खाली पाहिलं. डावी पापणी पूर्ण खाली आली होती. फट नाही, पांढरं नाही. पोर गाढ झोपली होती. तुळसाबाईनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि मग खांदा हलू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेऊ लागली.

जऊळका आलं. राजू फलाटावर उभाच होता. खिडकीपाशी धावत आला. "आई, उतर ना! गाडी सुटन!"

तुळसाबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच खांद्याकडे खूण केली. राजूनं आत वाकून बायकोची मिटलेली पापणी पाहिली.

"दोन महिन्यांनी अशी डोळा मिटून झोपली रे ते," तुळसाबाई कुजबुजली. "मी नाई उठवत. तू मोटरसायकल घेऊन पुढं वाशिमले ये."

गाडी हलली. राजू शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत मोटरसायकलीकडे धावला.