उजवं पाऊल

लाडूनं सांगितलेलं हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा कागद फाडला. राहवत नाही म्हणून लिहितोय.

"ओझं कुठल्या खांद्यावर नेता?" बेळगावच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून विचारलं.

लाडूनं नकारार्थी मान हलवली. शहाऐंशी साली उजव्या गुडघ्यात नवा सांधा बसवला, तेव्हापासून नऊ वर्षं त्यानं साधी मोळी उचलली नव्हती. कुळगीच्या जंगलाच्या फाटकाशी स्टुलावर बसायचं, जीप आली की आडवा बांबू वर करायचा, एवढंच काम.

"मग मधली प्लॅस्टिकची गादी एका बाजूनं एवढी झिजली कशी? जणू रोज माणूस पाठीवर घेऊन चालता!"

शेजारी बसलेला त्याचा दोस्त वासू हसला. "व्हय सायब! चिखलात ह्येचं उजवं पाऊल बघा, ईतभर रुततंय. आमी म्हणतोच, दोन माणसांचं हाय!"

लाडू हसला नाही. भर दुपारी त्याच्या मानेभोवती दोन गार हात आवळले होते. रोजच्यासारखे.

डॉक्टरांनी टेबलावर नव्या सांध्याचे दोन नमुने ठेवले. "जुना काढून नवा घालायचा. ह्याची गादी पायाबरोबर फिरते. झीज कमी होते म्हणतात, पण सांधा सैल असला तर ती सटकू शकते. ही दुसरी पक्की बसलेली. सटकत नाही, पण पीळ हाडावर येतो. तुमचा सांधा सैल झालाय, मी पक्कीच घालीन. फक्त ओझं नको."

ते बाहेर गेले.

"वासू, परशू पुरात न्हाई गेला."

वासूचं हसू मावळलं. परशू त्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांमागं जंगलात झाड पडून त्याची कंबर मोडली. लाडूनं पाठीवर घेतला, पण काळी नदीच्या पुरानं ओढून नेला, असं त्यानं गावाला सांगितलं होतं. प्रेत मिळालं नाही म्हणून वासूनं गवताचा भाऊ करून जाळला होता.

"नदीच्या अलीकडंच माझा गुडघा गेला. खाली ठेवला त्येला. 'ठेवू नको रे लाडू' म्हणत हुता. पाणी घिऊन आलो, तर जागा रिकामी. रगात न्हाई, काय न्हाई. काय सांगणार हुतो तुला?"

वासू कितीतरी वेळ ती फिरणारी गादी बोटानं फिरवत राहिला.

"जागा ठावं हाय?"

"हाय."

"आय अजून त्येच्या वाटणीचा भात काढून ठिवतीया."

लाडूनं मान खाली घातली. "नव्या गुडघ्यानं चालायला लागलो की पयलं तिथं नेतो तुला. आनि तिथंच बसतो, तू ऊठ म्हणशील तवर जाग्यावरनं हलणार न्हाई."