मामाकडचे तीन दिवस

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या पाच वस्तूंवर कापड टाकलं.

"सांग बाळ, खाली काय काय आहे?"

"किल्ली," मोहिरा म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "चमचा." मग ती नखं कुरतडायला लागली.

नऊ वर्षांची पोर. गेल्या वर्षी अख्ख्या वर्गाची हजेरी हिला तोंडपाठ होती.

"ताई, इन्सुलिन किती दिवस चुकलं होतं?"

"एकच दिवस," तिची आई सओदत म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

एक कसला, तीन दिवस. थोरल्या लेकीला कोकंद शहरातल्या चांगल्या घरची मागणी आली होती. मागणीला येणाऱ्या बायका एकदा येऊन थांबतात थोड्याच. येतात, चहा पितात, न्हाणीघरापासून फ्रिजपर्यंत सगळं बघतात, उद्या पुन्हा येतात. घराण्यात आजार आहे असं कळलं की आल्या पावली परत. म्हणून सासूने मोहिराला मार्गिलानला मामाकडे धाडलं. मामीच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून सुया बरोबर दिल्याच नाहीत. "तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" म्हातारी म्हणाली. सओदतला सगळं कळत होतं, तरी तिने मान हलवली. मामीने बिचारीने भाचीला मायेने हलवा खाऊ घातला. चौथ्या दिवशी पोर बेशुद्ध होऊन इस्पितळात, आणि महिन्याभरात थोरलीचं लग्न थाटात पार पडलं.

"एका दिवसात एवढं होत नाही, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या मेंदूला सूज आली होती. त्यातूनच हे विसरणं लागलंय. खरं सांगितलंत तर पुढचं मला नीट ठरवता येईल. तिच्याच भल्यासाठी विचारतेय."

सओदतने बोटावरची ओढणी सोडवली आणि पुन्हा गुंडाळली. डॉक्टरीणबाई थोरलीच्या सासरगावच्या, कोकंदच्याच होत्या, आणि थोरलीला सहावा महिना लागला होता.

"एकच दिवस," ती पुन्हा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मुलीकडे वळवली.

"बाळ, तू सांग. सुई टोचली नाही असे किती दिवस गेले?"

मोहिराने तोंडातून बोट काढलं, पाठ ताठ केली आणि कुठेही न अडखळता म्हणाली, "मला काही आजार नाही. आमच्या घरात कुणालाच काही आजार नाही. आजीचे गुडघे दुखतात, पण ते वयामुळे."

"शाब्बास," रोजच्या सवयीने सओदतच्या तोंडून निघून गेलं.