चॅपेलमधला वन्स मोअर

माझ्या नवऱ्याला, सतीशला, गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसात बसून तो दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढतो आणि घरी आला की माझ्या. त्यामुळे आमच्या लेकीनं, कस्तुरीनं, साउथहॅम्प्टनजवळच्या एका छोट्या ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत संगीताला ॲडमिशन घेतली तेव्हा घरात सुतक लागल्यासारखंच झालं. बरं, तिथे नुसतं संगीतही शिकवत नाहीत. जोडीला बायबल, तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि रोज सकाळी चॅपेलमध्ये प्रार्थनेला हजेरी. याला म्हणे लिबरल आर्ट्स म्हणतात. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं सतीशनं त्याचं मराठी करून टाकलं.

पहिलं वर्ष संपत आलं तसा त्यानं फर्मान काढलं. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात पोरगी खरंच गाते असं दिसलं तर पुढे शिकेल, नाहीतर सप्टेंबरपासून मुकाट्यानं अकाउंटन्सी. पण हे ठरवणार कोण? ह्याला तर सा आणि रे यातला फरक कळत नाही. मग ह्यानं थोरल्या भावाला सांगलीहून बोलावून घेतलं.

अवधूतभाऊजी स्वतः कधी एक ओळ गायलेले नाहीत, पण संगीत नाटकांच्या पहिल्या रांगेत त्यांचा जन्म गेला. त्यांची कसोटी एकच. पद संपल्यावर लोकांनी "वन्स मोअर" ओरडून ते परत म्हणायला लावलं तर गाणारा खरा, नाहीतर त्यानं किराण्याचं दुकान टाकावं. सतीशनं उभ्या आयुष्यात दादाचा शब्द मोडलेला नाही. म्हणजे माझ्या पोरीचं नशीब आता वन्स मोअरवर, आणि तोही इंग्रजांच्या तोंडून. अहो, ही माणसं खूश झाली की "नॉट बॅड" म्हणतात! मी सतीशला परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी कस्तुरीला फोन करून सुचवलं, तुझ्या मैत्रिणींना जरा ओरडायला सांग ना. ती उखडलीच. "आई, it's a chapel. लोक शांत बसते तिथे. बाबाला फक्त सांग, नीट ऐक." आपल्या मोडक्या मराठीत एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

जून महिना, तरी चॅपेलमध्ये दगडी गारठा. कार्यक्रमपत्रिकेवर छापलंच होतं, कृपया टाळ्या वाजवू नयेत. कस्तुरी सगळ्यात शेवटी लॅटिनमधलं एक भजन गायली. मला लॅटिन कळत नाही, पण माझ्या डोळ्यांना घळाघळा धारा लागल्या. गाणं संपलं आणि सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले. खोकलासुद्धा नाही. "पडलं," भाऊजी म्हणाले. सतीशनं कोटाची बटणं लावायला घेतली.

माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "वन्स मोअर!"

युनिव्हर्सिटीचे डीन उठले. म्हटलं, झालं, आता गचांडी. पण ते हसतमुखानं पुढे आले आणि म्हणाले की पाहुण्यांच्या प्रथेचा मान राखणं हे युनिव्हर्सिटी आपलं कर्तव्य समजते. कस्तुरीनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मटकन खाली बसले. पण ती पुन्हा गायली, आणि पहिल्यापेक्षा झकास. मग भाऊजींच्या अंगात आलं. दुसरा वन्स मोअर त्यांचा.

त्यानंतर जे झालं ते मी आमच्या मराठी मंडळात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. टोपी घातलेली एक म्हातारी उठली आणि कोणाची गैरसोय होणार नसेल तर आपल्यालाही एक वन्स मोअर हवा, असं लाजत म्हणाली. तिच्यामागे एक गृहस्थ. प्रत्येकानं एकदा तरी मागायलाच हवं, नाहीतर पाहुण्यांचा अपमान होईल, असा सगळ्यांचा समज झाला होता. मग अशा वेळी हा देश जे करतो तेच त्यांनी केलं. रांग लावली.

रांग मधल्या वाटेनं दाराबाहेर जाऊन हिरवळीवर पोचली. हीटिंग दुरुस्त करायला आलेला माणूस हत्यारांच्या पिशवीसकट तीत उभा राहिला. कशाची रांग, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. पुढच्या वेळेत लग्नासाठी चॅपेल बुक केलेली नवरी आली, तीही झगा सावरत वऱ्हाडासकट त्याच्यामागे उभी राहिली. एकेकानं पुढे यायचं, मागायचं, कस्तुरीनं गायचं, त्यानं थँक्यू म्हणायचं. काहींना आपण पुरेसं मनापासून मागितलं नाही अशी शंका आली. ते परत शेवटी जाऊन उभे राहिले. ऑर्गन वाजवणारा थकला तेव्हा दुसरा बसवला. मध्येच आम्हाला चहाही आणून दिला.

भाऊजी तर सातव्या स्वर्गात. "पोरगी पास रे सतीश," ते म्हणाले, "होऊ दे अजून."

हुश्श, जिंकलो, असं वाटून मी सतीशकडे पाहिलं. त्याचं दादाकडे लक्षच नव्हतं. तो एकटक कस्तुरीकडे बघत होता, म्हणून मग मीही नीट पाहिलं. तिचा हात गळ्याशी होता. वरचा सूर लावताना ती मान वळवत होती, आणि सूर फाटत होता. तरी ती थांबेना, कारण बाप अजून परीक्षा घेत बसलाय असंच तिला वाटत होतं. मला रडू फुटलं. आग मीच लावली होती, आणि आता ती विझवायची कशी ते मला कळेना. रांग तर बाहेर वाढतच होती.

नवरीचा नंबर आला. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात सतीश उठला. रांगेला वळसा न घालता तो सरळ मधूनच पुढे घुसला, तसं सगळं चॅपेल दचकलं. नवरी आणि कस्तुरी यांच्यामध्ये तो जाऊन उभा राहिला.

"अरे, लोक मागतायत," भाऊजी जागेवरून म्हणाले. "गाऊ दे तिला."

"नाही दादा," सतीश म्हणाला. "घसा बसेल तिचा. तिला उद्यापण गायचंय."