एका खेपेत आणायचं नाही

मंदाताई पडली नव्हती, बसली होती. हे तिनं मेलबर्नहून फोनवर आम्हाला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मीच म्हणालो, "ताई, कबूल. तू बसली होती. मग उठली काऊन नाई?"

"नाई उठता आलं," ती म्हणाली.

मंदाताई माझी थोरली बहीण. भाऊजी गेले तसा तिचा एकुलता एक मुलगा देवेंद्र तिला मेलबर्नला घेऊन गेला. मी प्रभाकर. वर्ध्याला सरकारी कचेरीत जन्मभर बाबूगिरी केली आणि आता बायको इलासोबत सिंदी मेघेच्या घरात पेन्शन खातो. इला मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होती. शिट्टी सुटली, पण आवाज अजून मैदानावरचाच आहे.

झालं होतं ते इतकंच. घरी कोणी नसताना ताई ओट्याखालचं कपाट पुसायला फरशीवर बसली. पुसून झालं आणि उठता येईना. दुखत काहीच नव्हतं. पायांना उठायचं कसं तेच आठवेना. फोन वर ओट्यावर. सरकत सरकत ती भिंतीशी टेकली आणि कपाटातले मनुके खात बसून राहिली. संध्याकाळी देवेंद्र कामावरून आला तेव्हा आई जमिनीवर, मांडीवर फडकं, बाजूला मनुक्यांचा रिकामा डबा. पोरगा पांढराफटक पडला.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण दोष कुणाचा म्हणाल तर आपल्या सगळ्यांच्या मायेचा आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे त्याला हलू द्यायचं नाही. "तुम्ही बसा." पाणी हातात, चहा हातात, चष्मा हातात. देवेंद्रची बायको गुंजन तर गुणाची पोर. सासूला वाकावं लागू नये म्हणून तिनं रोजचे सगळे डबे कमरेइतक्या उंचीवर लावलेले. पलंग उंच, संडास खुर्चीचा, देवघर टेबलावर. बाहेर थंडी, वारा आणि भुरभुर पाऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणून फिरणंही बंद. एवढ्या सेवेत ताईच्या गुडघ्यांना जमिनीची ओळखच उरली नाही.

देवेंद्रनं ठरवून टाकलं. आईनं घरी एकटीनं राहायचं नाही. तिथे म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळायचं एक केंद्र असतं, तिथे त्यानं तिचं नाव घातलं. सप्टेंबरात महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींच्या सणाला, तो तिला आमच्या गावी अल्लीपूरला आणणार होता, तिकिटं आधीच काढलेली. परत गेलं की केंद्र सुरू. तोवर तो आणि गुंजन आळीपाळीनं घरून काम करणार.

"पाह्यून आली मी ते," ताई म्हणाली. "गोल बसवतात आन् एकमेकांकडे फुगा ढकलायले लावतात. बालवाडी आहे रे ती. माझं घर, माझी पोथी, माझी दुपारची झोप, सगळं गेलं समज."

तिचा आवाज फुटला. आमची माय गेली तेव्हाही ताई आमच्यासमोर रडली नव्हती.

इलानं माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, देवेंद्रले इचारा. तुम्ही त्याच्यासमोर, कोणाचा हात न धरता जमिनीवरून उठल्या, तर नाव काढतो काय?"

ताईनं विचारलं. देवेंद्र हसला आणि "बरं" म्हणाला. आईची समजूत काढायला म्हणाला असावा. पण शब्द गेला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सकाळच्या चहाला, म्हणजे तिकडे दुपारी, घरी असेल तो वर दार लावून कामात असताना, शिकवणी सुरू झाली. फोन धरायचं काम माझं. इला प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून हुकूम सोडायची, "पाय वर, पाय खाली, टाचा उचला!" आणि तिकडे ताई सोफ्यावर बसून पाय हलवायची. थोड्या दिवसांनी इलानं तिला सोफ्याच्या गाद्या जमिनीवर रचून त्यावर बसायला लावलं. जमलं की एक गादी काढायची. शेवटी गाद्या संपल्या आणि ताई जमिनीवर बसली. आणि पुन्हा तेच. उठता येईना.

"आता कुशीवर वळा," इला म्हणाली.

"कोणत्या कुशीवर? कशी वळू?"

"अवं ताई, वळा ना अशा." इलानं हवेत हात फिरवला.

"हातानं काय दाखवतं? खाली बसून करून दाखव."

इलानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. कारण इला जमिनीवर बसलेली मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर पूजासुद्धा खुर्चीवरून. पण पी.टी.च्या बाई माघार कशा घेणार? पदर खोचला आणि दिवाणाशेजारी धप्पकन बसली. मग कुशीवर वळली आणि तिथेच राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हात द्या."

"प्रभाकर!" मेलबर्नहून ताई ओरडली. "हात देशील तर खबरदार!"

मी फोन धरून मधे उभा. दोन बायका दोन देशांत जमिनीवर, आणि मदत करायची कोणालाच नाही. आधी ताई हसायला लागली, मग इला. इला हसली की तिचं अंग गदगद हलतं, त्यामुळे उठणं आणखीच लांबलं. हसणं ओसरल्यावर मात्र तिच्यातली पी.टी.ची बाई जागी झाली. ती वळून हातागुडघ्यांवर आली, लहान पोरांना पाठीवर घ्यायला घोडा होतो तशी. एक पाऊल पुढे रोवलं, दिवाणावर तळवा दाबला, आणि लालबुंद चेहऱ्यानं उभी राहिली.

"ताई, असं," ती धापा टाकत म्हणाली.

ताईनं तसंच केलं. सोफ्याला धरून, हळूहळू. फोनमध्ये आधी तिची पाठ दिसली, मग पदर, मग चेहरा. तिनं डोळे पुसले आणि फोन ठेवून दिला. इला दिवाणावर बसली आणि तिनंही डोळे पुसले. मला चहा करायला लावला.

त्या दिवशी इलाला कळलं की आपली ताईसारखीच गत आहे. तिनं प्लास्टिकची खुर्ची गच्चीवर ठेवून दिली आणि रोज स्वतः खाली बसायला लागली.

पण कवायतीचा ताईला लवकरच कंटाळा आला. कधी पोथी निघायची, कधी डोकं दुखायचं. एक दिवस तिनं सरळच सांगितलं, "इला, मी काय शाळेतली पोरगी आहे? बिनकामाचं उठणं-बसणं मले जमत नाई. काम असलं तर मी दहा खेपा उठीन."

इला म्हणाली, "ताई, तुमची पावशी कुठं आहे?"

पावशी म्हणजे आमच्याकडची विळी. ताईनं जाताना हट्टानं सामानात नेली होती आणि घरात लहान पोरगी आहे म्हणून देवेंद्रनं ती गॅरेजात टाकली होती. ताईनं ती शोधून आणली, घासली, आणि नात ईरा शाळेत असेल तेवढ्या वेळेपुरती स्वयंपाकघरात जमिनीवर मांडली.

"आता भाजी चिरा," इला म्हणाली. "फक्त एक करा. सगळं सामान एका खेपेत आणायचं नाई."

हे ताईला पचायला जड गेलं. आमच्या मायचा दंडक नेमका उलटा होता. बसायच्या आधी ताट, पाणी, सालांसाठी कागद, सगळं भोवती मांडून घ्यायचं. मधेच उठणाऱ्या पोरीला माय बिनडोक म्हणायची. आता इला सांगत होती, बिनडोक व्हा. भाजी आणा, बसा. ताट विसरा, उठा. पाणी विसरा, पुन्हा उठा.

"माय वरून पाह्यून शिव्या देत असन," ताई म्हणायची आणि उठायची. आधी ओट्याच्या खणाला धरून. मग नुसतं भिंतीला एक बोट लावून. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं, सगळं जमिनीवर आलं. ती पुन्हा कामात पडली आणि तिच्या आवाजाला धार आली. आता फोनवर तीच मला रागवायची, "प्रभाकर, फोन सरळ धर, मले पंखा दिसून राह्यला."

एका दुपारी तिच्यामागे दारात गुंजन उभी दिसली, वरच्या खोलीतून पाणी प्यायला आलेली. सासू जमिनीवर, समोर पावशी. मला वाटलं, संपलं सगळं. गुंजननं थोडा वेळ पाहिलं, मग पुढे होऊन सासूच्या हाताशी असलेला मिठाचा डबा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवला. "आई, मीठ विसरलात तुम्ही," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. देवेंद्रला तिनं काहीच सांगितलं नाही. त्या पोरीबद्दल मी आधी जे बोललो त्यातलं 'गुणाची' तेवढं ठेवा, बाकीचं मी परत घेतो.

सप्टेंबरात मायलेकं आली. ईराची शाळा, म्हणून गुंजन तिकडेच थांबली. अल्लीपूरला आमचा चुलतभाऊ हेमराज शेती करतो, महालक्ष्म्या त्याच्याकडेच बसतात. आम्ही पोचलो तेव्हा आंबिलीचा वास ओसरीपर्यंत आला होता. ताई सरळ आत गेली आणि बायकांमध्ये बसून पावशीवर भोपळा चिरायला लागली.

जेवणाची वेळ झाली. ओसरीवर सतरंज्यांवर पंगत मांडली होती, आणि एका कोपऱ्यात गादीची खुर्ची, पांढऱ्या कापडाचं टेबल, त्यावर फुलं.

"हे कोणाले?" ताईनं विचारलं.

"तुमच्यासाठी, ताई," हेमराज कौतुकानं म्हणाला. "मंडपवाल्याकडून आणली. प्रभाकरदादानं खास फोन करून सांगतलं होतं."

इलानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला सतरंजीखाली शिरावंसं वाटलं. मीच केला होता तो फोन. सगळा पावसाळा डोळ्यांनी पाहून, हातात फोन धरून, शेवटी मीच. ताई येते म्हटल्यावर हात आपोआप गेला. सवय जात नाही हो.

ताई टेबलाला वळसा घालून पंगतीत गेली आणि मधोमध, जिथे धरायला ना भिंत ना खांब, तिथे मांडी घालून बसली. देवेंद्र तिच्या समोरच्या ओळीत. पुरणपोळी, कढी, भजी, आंबील. ती पोटभर जेवली. देवेंद्रच्या घशाखाली काही उतरत नव्हतं.

पंगत उठली. ताई बसलेलीच, समोर देवेंद्रही. शेजारच्या दोघीतिघींनी हात पुढे केले.

"कोणी हात लावू नका," इला म्हणाली. मैदानावरचा आवाज. पुढे आलेले हात मागे गेले.

ताईनं तळवा जमिनीवर टेकला, गुडघ्यांवर आली, एक पाऊल पुढे घेतलं. कंबर थोडी उचलली आणि पुन्हा खाली बसली. देवेंद्र अर्धा उठला. ताईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो तसाच वाकलेला थांबला. ही इथे उठली नाही तर तिकडे फुगा ढकलत बसणार, एवढंच माझ्या डोक्यात.

तिनं नऊवारीचा घोळ सावरला. पुन्हा गुडघा, पुन्हा पाऊल. या वेळी हात स्वतःच्याच मांडीवर दाबला. आणि उठली. थोडी डोलली, पण उभी राहिली. मग वाकून स्वतःची पत्रावळ उचलली आणि मोरीकडे चालायला लागली.

देवेंद्र तिच्या मागे गेला. मोरीशी दोघं उभी होती, मला ऐकू येत होतं.

"आई, ते नाव काढतो मी."

"एकटी राहू देशील?"

"राह्य." तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवून लहान पोरासारखा रडला. "त्या दिवशी मले वाटलं तू गेली, आई. दारातून पाह्यलं न् मले वाटलं..."

"मी बसली होती रे," ताई म्हणाली. तिचे हात खरकटे होते म्हणून मनगटानंच त्याच्या डोक्यावरून फिरवत राहिली.

हात धुऊन ती ओसरीवर आली. मंडपवाल्याच्या गादीच्या खुर्चीत मी बसलो होतो. मुद्दाम नाही. पंगतीत बसायला गुडघे तयार नव्हते, आणि ताट ठेवायला टेबल होतंच.

"तू इथं जेवला?" तिनं विचारलं.

"आणलीच होती तर म्हटलं वाया कशाले..."

"ऊठ."

मी खुर्चीच्या दोन्ही दांड्या धरल्या आणि जोर लावला. ताई पाहत होती. इलाही पाहत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, तेव्हाच मला माझं भविष्य कळलं.

"उद्या सकाळी चहा खाली बसून," ताई म्हणाली. "कप आधी आणजो, मग बशी. एका खेपेत आणायचं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराजच्या ओसरीवर, त्या दोघींच्या मधे, मी जमिनीवर बसलो. बसणं जमलं.