तीन बोटांचा हात

छापखान्यात कागद कापायच्या यंत्राला दुहेरी दांडा बसवला, त्याला पन्नास वर्षं झाली. दांडा शोधून काढला होता तिथल्याच फिटरकाकांनी. दोन्ही हात दोन दांड्यांवर असले तरच पातं खाली यायचं, त्यामुळे बोट सापडायची भीतीच उरली नाही. पहिल्या दिवशी यंत्र चाललं तेव्हा कामगारांनी दहाही बोटं पसरून हात वर केले होते. त्या जल्लोषाचं मोठं चित्र मालकीणबाईंनी आता दर्शनी भिंतीसाठी एका चित्रकारबाईंना काढायला सांगितलं.

चित्रकारबाईंना एकच धुरकट फोटो मिळाला. त्यात कोपऱ्यात एक तरुणी डावा हात पाठीमागे घेऊन उभी होती. ती म्हणजे कटिंगवाली मावशी, आता सत्तरीची. कच्चं रेखाटन घेऊन चित्रकारबाई तिच्या घरी गेल्या. फिटरकाकांनाही सोबत नेलं.

"माझा हात मागेच असू दे गं," मावशीने आधीच सांगून टाकलं. "दांडा आला त्याच्या चार महिने आधी दोन बोटं गेली. सगळे नाचत होते आणि मी हात लपवून कोपऱ्यात उभी होते."

काका चष्मा सरसावून रेखाटन न्याहाळत होते. "माझं पोट एवढं सुटलेलं नव्हतं हं."

"होतं," मावशी म्हणाली. तिघंही हसले.

मग काका हळूच म्हणाले, "तुला कधी बोललो नाही. तुला दवाखान्यात नेऊन घरी आलो. दुसऱ्याच दिवशी दांड्याचा नकाशा खरडायला बसलो. यंत्र चाललं त्या दिवशी तुला पुढे बोलवायचं होतं, पण धीर झाला नाही."

मावशी रेखाटनातल्या वर गेलेल्या त्या सगळ्या हातांकडे बघत राहिली. "त्यानंतर कुणाचं बोट गेलं?"

"एकाचंही नाही."

तिने पदराने डोळे टिपले. "मग माझाही हात वर कर," ती चित्रकारबाईंना म्हणाली. "पण बोटं तीनच काढ. उगाच मेहेरबानी करून पाच काढशील!"

चार दिवस मावशी हात वर धरून बसली. खांदा भरून आला की काकांवर डाफरायची, आणि ते निमूट चहा करून आणायचे, साखर विसरून.

चित्र लागलं त्या सकाळी कटिंगला नवी लागलेली मुलगी त्याच्यासमोर थबकली. "ही तीन बोटांची कोण?"

"मी," मागून मावशी म्हणाली. "ये, दांडा कसा धरायचा ते दाखवते."